पत्र्याचा पन्हा

स्टेनलेस स्टील या धातूशी मराठी कुटुंबाचा जो व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे तो वजनाचा आणि नावाचा आहे. लांबी-रुंदीचा प्रश्न त्यात कधीही उपस्थित झालेला नाही. पातेले घ्यावयाचे तर ते हातात तोलून पाहावे, नखाने वाजवून त्याचा नाद ऐकावा, काठाची जाडी अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत अजमावावी, आणि पसंतीस उतरले की दुकानदाराकडून त्यावर नाव घालून घ्यावे, म्हणजे शेजारी आमटी घेऊन गेलेली वाटी दुसऱ्याच कुळात दत्तक जाण्याची भीती उरत नाही. बोहारणीशी जुन्या लुगड्यांच्या मोबदल्यात जे प्रदीर्घ तह होतात त्यांतही 'याहून मोठं दे' एवढेच परिमाण पुरेसे असते; मोठे म्हणजे किती, हे त्या दोघींच्या डोळ्यांना ठाऊक असते. त्यामुळे आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेने, 'लिफ्टच्या दाराभोवतालच्या भिंतींस शोभेचे स्टेनलेस स्टीलचे पत्रे लावण्याकरिता योग्य मापे मुक्रर करणे' या कामी नेमलेल्या त्रिसदस्य उपसमितीचे अध्यक्षपद जेव्हा मजकडे आले, तेव्हा हे काम एका संध्याकाळचे आहे असे मी समजलो. त्या संध्याकाळचे आता चार महिने झाले.

मुळात पत्र्यांची गरज कशी निर्माण झाली ती कैफियत थोडक्यात सांगतो. आमची इमारत दादरची, तळमजला धरून आठ मजल्यांची, आणि वयाने पन्नाशी ओलांडलेली. गेल्या वर्षी जुनी, जाळीच्या दाराची लिफ्ट जाऊन तिच्या जागी आपोआप उघडमीट करणाऱ्या पोलादी दारांची नवी लिफ्ट आली, आणि जी भिंत काल-परवापर्यंत कोणाच्या डोळ्यांवर येत नव्हती ती एकाएकी दरिद्री दिसू लागली. गॅसच्या टाक्यांचे ओरखडे, सायकलींच्या हँडलांनी पाडलेले खड्डे, आणि लिफ्टची वाट पाहत उभे राहिलेल्या तीन पिढ्यांनी टेकवलेल्या तळव्यांचे तेलकट ठसे हे सारे त्या नव्या दारांच्या शेजारी असे उघडे पडले की सेक्रेटरींनी सभेत 'भिंत रंगवावी की मढवावी' असा प्रश्न टाकताच सभेने एकमुखाने मढवण्याचा कौल दिला. मढवणे या क्रियापदात देव्हारा, मृदंग आणि शहाळे यांचे जे संस्कार आहेत त्यांचा हा प्रभाव असावा.

उपसमितीत मजखेरीज एक मास्तर व एक खजिनदार. मास्तरांनी पस्तीस वर्षे शाळेत भूमिती शिकवली असल्यामुळे मापाच्या कामी त्यांची निवड वादातीत होती. खजिनदार हे खजिनदार असल्यामुळे होते. माझ्या निवडीचे समर्थन सेक्रेटरींनी 'यांना दोन्ही बाजू मान्य होतात' या शब्दांत केले.

पहिल्या दिवशी आम्ही भिंत मोजली. मास्तरांजवळ लाकडी फूटपट्टी होती, खजिनदारांजवळ पोलादी टेप होती, आणि मजजवळ सेक्रेटरींच्या घरून, वहिनींच्या शिवणयंत्राच्या खणातून आणलेली, मेणकापडाची फीत होती. तिघांची उत्तरे तीन आली हे सांगावयास नकोच. पण एकाच टेपने आठ मजले मोजले तरी आठ उत्तरे येतात, हे मात्र मास्तरांना जिव्हारी लागले. पहिल्या मजल्यावर जमिनीपासून छतापर्यंत नऊ फूट चार इंच भरले, चौथ्यावर त्यात दोन सूत कमी, आणि सहाव्यावर डाव्या व उजव्या टोकाला एकाच भिंतीची उंची निराळी. सूत म्हणजे इंचाचा अष्टमांश, हे मी अगोदर ऐकून होतो. पण गवंड्याच्या हातून निसटलेले एक सूत अर्ध्या शतकानंतर कोणाच्या तरी कपाळी येते, हे तेथे शिकलो. १९५६ साली कायद्याने आणलेली दशमान मापे आपण धान्याला लावली, दुधाला लावली, रस्त्याच्या दगडांना लावली. सुताराच्या जिभेला ती आजतागायत लागलेली नाहीत. शिवकालात जमीन मोजावयाची काठी पाच हात आणि पाच मुठी लांबीची असे म्हणतात. हात समजतात, पण वरच्या पाच मुठी कशासाठी, हे कोडे मला शाळेपासून पडलेले होते. ते या प्रकरणात पुढे सुटले, निदान मी तशी समजूत करून घेतली.

अखेर सर्वांत उंच भिंत प्रमाण धरून असा तपशील कागदावर आला: उंची नऊ फूट चार इंच, रुंदी सात फूट तीन इंच, पैकी मधोमध लिफ्टचे दार चौकटीसह तीन फूट तीन इंच, म्हणजे दाराच्या दोन्ही अंगांस बरोबर दोन-दोन फुटांचे पट्टे, आणि दाराच्या डोक्यावर दोन फूट चार इंच उंचीचा एक चौकोन. मास्तरांनी हे आकडे पाहिले आणि त्यांच्या मुखावर एक प्रकारची आध्यात्मिक प्रसन्नता पसरली. कारण बाजारात पत्रा मिळतो तो चार फूट रुंदीचा. चार फुटांची दोन शकले केली की दोन पट्टे झाले. एका मजल्याला एक पत्रा, आठ मजल्यांना आठ, आणि डोक्यावरच्या चौकोनांसाठी एकेका पत्र्यातून चार या हिशेबाने आणखी दोन. एकूण दहा. 'विश्वकर्म्याने ही भिंत पत्रा पाहूनच बांधली,' असे ते म्हणाले. भिंत बांधणारा ठेकेदार प्रत्यक्षात कोण होता हे ठाऊक असलेल्या खजिनदारांनी यावर काही उत्तर केले नाही.

लांबीचा प्रश्न मात्र इतक्या सहजी सुटणारा नव्हता. पत्रा चार बाय आठचा मिळतो, तसा चार बाय दहाचाही मिळतो. आठ फुटी घेतला तर नऊ फूट चार इंचांच्या भिंतीवर एक आडवा जोड येणार. दहा फुटी घेतला तर जोड टळतो, पण वर तुकडा वाया जातो आणि पत्रा महाग पडतो. या एका मुद्द्यावर संस्थेत १९०७ च्या सुरत काँग्रेसची आठवण व्हावी अशी फूट पडली. दहा फुटी पक्ष जहाल होता. त्याला जोड या कल्पनेचाच तिटकारा होता, आणि 'भिंतीला ठिगळ नको' ही त्याची घोषणा होती. आठ फुटी पक्ष मवाळ. त्याचे म्हणणे असे की दाराच्या माथ्याच्या रेषेत, सात फुटांवर जर जोड आणला तर तो जोड न राहता नक्षी होतो. जोड आणि नक्षी यांतला भेद केवळ तो कोठे आहे यावर अवलंबून असतो, हा मवाळांचा सिद्धांत मला मनातून पटलेला होता. पण अध्यक्षाला मन नसते.

मवाळांच्या हाती आणखी एक अस्त्र होते. खजिनदारांचा आग्रह असा होता की पत्रे अखंड आणावेत, गच्चीवर न्यावेत, आणि सर्वांच्या डोळ्यांसमोर कापावेत. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी शिंप्याकडे अडीच मीटर कापड देऊन त्यातून सदरा व केवळ 'काही उरलं नाही' हे वाक्य परत घेतले आहे, त्यांना या आग्रहामागची व्यथा समजेल. मग अखंड पत्रा गच्चीवर न्यावयाचा कसा? मास्तरांनी लिफ्टची खोली मोजली: उंची सात फूट दोन इंच, आतली लांबी चार फूट. लगोलग पाकिटाच्या पाठीवर वर्ग मांडले, त्यांची बेरीज केली, वर्गमूळ काढले, आणि शुल्बसूत्रकार बौधायनाला सादर वंदन करून जाहीर केले की लिफ्टचा कर्ण अठ्ठ्याण्णव इंचांहून किंचित अधिक आहे. आठ फुटी पत्रा तिरपा घातला तर अडीच इंच शिल्लक राहून आत जातो, दहा फुटी मात्र कालत्रयी जाणार नाही. मवाळ पक्षात हर्ष झाला. तेवढ्यात, इतका वेळ बाकावर बसून हे सारे ऐकणारा आमचा वॉचमन उठला आणि नम्रपणे म्हणाला, "मास्तर, पत्रा रुंदीला चार फूट, आन्‌ दार पावणेतीन फुटांचं बी नाय." मास्तर काही काळ स्तब्ध राहिले. रेषेला लांबी असते, रुंदी नसते, हे त्यांनी पस्तीस वर्षे मुलांना शिकवले होते. पत्र्याने ती व्याख्या ऐकलेली नव्हती.

यानंतर आम्ही प्रत्यक्ष बाजार पाहावा असे ठरले आणि एका सकाळी गुलालवाडी-कीका स्ट्रीटच्या त्या गल्लीत शिरलो, जेथे हातगाड्यांवरून जाणाऱ्या पत्र्यांचा थरथराट दुकानदारांच्या संभाषणाला अखंड तंबोऱ्यासारखी साथ करीत असतो. शेठजींनी आम्हांला बसवले, चहा मागवला, आणि एका दमात विचारले, "बोला साहेब, दोनशे दोन की तीनशे चार? मॅट, हेअरलाइन की मिरर? गेज किती?" आम्ही घरून 'चार बाय आठ की चार बाय दहा' या एकाच प्रश्नाचे उत्तर न ठरवता निघालो होतो, तेथे तीन नवे प्रश्न मिळाले.

त्यांपैकी पहिल्याचे उत्तर सेक्रेटरींनी आम्हांला देऊन ठेवले होते. फ्रीजच्या दारावरचे, गणपतीच्या आकाराचे एक लोहचुंबक त्यांनी खिशात घालून दिले होते आणि 'चिकटलं तर नकली, नाही चिकटलं तर असली' असा मंत्रही दिला होता. आम्ही ते गजानन तीनशे चारच्या पत्र्याला लावले, चिकटले नाहीत. दोनशे दोनला लावले. तेथेही चिकटले नाहीत. शेठजी हसले. तीनशे चारमध्ये शंभरात अठरा भाग क्रोमियम आणि आठ भाग निकेल. दोनशे दोनमध्ये महाग निकेल कमी करून त्याची उणीव मँगनीजने भरून काढलेली. चुंबकाला दोघेही सारखेच परके. फरक दाखवतो तो समुद्राचा वारा, आणि तोही पावती हरवल्यानंतर. दादरचा वारा ध्यानात घेऊन आम्ही तीनशे चार घेतले. १९१३ साली इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली या गृहस्थाने बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून प्रयोग करताना पोलादात क्रोमियम घातले, आणि नळ्यांचे काय झाले ते राहो, पण सुऱ्या-काट्यांचा गंज कायमचा गेला. बंदुकीसाठी निघालेला धातू शेवटी चमच्यात उतरावा, आणि चमच्यातून आमच्या भिंतीवर चढावा, हा सगळा प्रवास त्या दुकानात चहा पिताना मला मोठा रम्य वाटला. खजिनदारांनी मला भानावर आणले.

गेज हे प्रकरण मात्र मन लावून समजून घेण्यासारखे आहे. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. सोळा जाड, अठरा त्याहून पातळ, बावीस म्हणजे जवळजवळ लज्जास्पद. हा उलटा न्याय कोठून आला? तर तार ओढणाऱ्या कारागिरांपासून. तार एकाहून एक लहान छिद्रांतून ओढीत नेत. जितक्या वेळा ओढली तितका आकडा वाढे आणि तितकी ती बारीक होई. १८८४ साली इंग्रजांनी या आकड्यांना कायद्याचे रूप दिले, आणि तारेची मोजणी पत्र्याच्या गळ्यात पडली. खजिनदारांना ही पद्धत लबाडीची वाटली. मास्तरांना ती अगदी स्वाभाविक वाटली, कारण शाळेतही नंबर जितका मोठा तितका विद्यार्थी पातळ असतो. त्यांनी तर कोष्टक पाहून असा एक शोध लावला की अठरा गेजची जाडी इंचाचे अठ्ठेचाळीस सहस्रांश, आणि पत्र्याची रुंदी अठ्ठेचाळीस इंच. म्हणजे जाडी ही रुंदीचा बरोबर हजारावा हिस्सा. या योगायोगाचा व्यवहारात उपयोग शून्य आहे. पण अठरा गेज मुक्रर झाला तो याच कारणाने, आणि निवड योग्य ठरली हे पुढे कळले. शेठजींनी बावीस गेजचा, आरशासारख्या चकाकीचा एक पत्रा भिंतीला टेकवून दाखवला, तेव्हा त्यात खजिनदारांचे मस्तक भोपळ्यासारखे आणि कंबर सुईसारखी दिसली, आणि ते एक पाऊल सरकताच हा क्रम उलटला. जत्रेतील आरसेमहालात यासाठी तिकीट पडते. पातळ पत्र्याला पाठीमागे प्लायवुडचा आधार नसला की त्याच्या अंगावर असे पोक येतात, आणि चकाकी जितकी अधिक तितके ते पोक अधिक बोलके. वयोवृद्ध सभासदांना रोज सकाळी घराबाहेर पडताना स्वतःचे असे दर्शन घडवणे संस्थेच्या उपविधींत बसत नसल्यामुळे आरसा रद्द झाला आणि हेअरलाइन, म्हणजे केसासारख्या बारीक उभ्या रेघांचा मंद पत्रा पसंत झाला.

शेठजी विकतात तो माल किलोवर, हे ऐकून खजिनदारांना प्रथमच आपल्या घरच्यासारखे वाटले. चार बाय दहाचा अठरा गेजी पत्रा पस्तीस किलोंच्या थोडा वर भरतो. काट्यावर तो त्याहून बराच कमी भरला तर जाडीत कोठे तरी पाणी मुरते आहे असे समजावे. वजन हाच पत्र्याच्या प्रामाणिकपणाचा पंचनामा. बोहारणीच्या पंथात वाढलेल्या आमच्या पिढीला हे सांगावे लागले नाही.

बयाणा देण्यापूर्वी फॅब्रिकेटरचे मत घ्यावे म्हणून त्याला बोलावले. तो आला, खिशातून टेप काढून त्याने फक्त डाव्या बाजूचा पट्टा मोजला, आणि मास्तरांचा कागद वाचून विचारले, "साहेब, यात माया कुठाय?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. भारतीय तत्त्वज्ञानात हा प्रश्न नवीन नाही. त्यावर आद्य शंकराचार्यांपासून थोर थोर पुरुषांनी आपापली मते नोंदवून ठेवली आहेत. पण लिफ्टसमोर, हाती टेप असलेल्या माणसाने तो विचारावा, याला आम्ही तयार नव्हतो. मग त्याने खुलासा केला. पत्र्याची कड नागवी ठेवता येत नाही. ती हाताला कापते आणि डोळ्याला सलते. म्हणून प्रत्येक उभी कड अर्धा इंच मागे वळवावी लागते. दोन कडांचा मिळून एक इंच. भिंतीवर दिसणार दोन फूट, पण पत्रा लागणार दोन फूट एक इंच. शिंपी शिवणीत दाबण्यासाठी जे जास्तीचे कापड सोडतो त्याला तो माया म्हणतो. हा गृहस्थ शिंप्याच्या आळीत लहानाचा मोठा झालेला होता, आणि तोच शब्द त्याने पोलादाला लावला होता.

मास्तर भिंतीला टेकले. दोन पट्टे म्हणजे चार फूट दोन इंच; पत्रा चार फूट. दोन इंचांसाठी एका पत्र्यातून दोनऐवजी एकच पट्टा निघणार, उरलेली एक फूट अकरा इंचांची धांदोटी कशाच्याही उपयोगाची नाही. आठ पत्र्यांचे सोळा झाले. अर्ध्या अर्ध्या इंचाच्या मायेने संस्थेच्या डोक्यावर पावणेतीनशे किलोंहून अधिक पोलाद चढले. ब्रह्म सत्य असो वा नसो, माया मिथ्या नाही, ही गोष्ट खजिनदारांनी त्या रात्री जमाखर्चाच्या वहीत शाईने लिहिली.

शेवटचा आशेचा किरण शेठजींनी दूरध्वनीवरून दाखवला. फुटांच्या पत्र्याशिवाय मीटरचाही पत्रा असतो, त्याची रुंदी बाराशे पन्नास मिलिमीटर. चार फूट म्हणजे केवळ बाराशे एकोणीस. एकतीस मिलिमीटरांची ही ऐन वेळची देणगी ऐकून मास्तर धावत कागदाकडे गेले. लागणार होते बाराशे सत्तर. वीस मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच, कमी पडले. मनुष्याचे दुर्दैव फुटांत असते तेव्हा तो ते सहन करतो; पाऊण इंचाचे दुर्दैव त्याला झोपू देत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वहिनींची फीत परत करावयास सेक्रेटरींकडे गेलो. वहिनी कोठल्याशा भाचीसाठी खणाची चोळी बेतत बसल्या होत्या. मी सहज, दुःख हलके करण्याच्या हेतूने, सारी हकीकत सांगितली. त्यांनी तोंडातली टाचणी काढली आणि म्हणाल्या, "म्हणजे पन्हा चार फुटांचा आहे, एवढंच ना भावजी?"

पन्हा! चार महिन्यांत आम्ही रुंदी म्हणालो, विड्थ म्हणालो, कोष्टकात 'डब्ल्यू' लिहिले. पण हा शब्द आमच्यापैकी एकालाही सुचला नाही. मागावर कापड विणले जाते त्या मागाची रुंदी म्हणजे कापडाचा पन्हा. तो विणकराचा अधिकार, गिऱ्हाइकाचा नव्हे. गिऱ्हाईक मागते ती लांबी. पत्र्याचेही तंतोतंत हेच आहे. कारखान्यात तो चार बाय आठचा जन्मास येत नाहीच. तो कापडाच्या ताग्यासारखा एक अजस्र गुंडाळा होऊन लाटण्यांमधून बाहेर पडतो, त्याची रुंदी त्या लाटण्यांनी ठरवलेली असते, आणि आठ फूट वा दहा फूट हे फक्त तागा कोठे फाडला याचे नाव आहे. पुरेसा माल घेतला तर व्यापारी नऊ फूट पाच इंचांवरही फाडून देतो. जहाल आणि मवाळ जिच्यासाठी चार महिने भांडले ती लांबी मुळात मागून मिळणारी वस्तू होती, आणि जिला आम्ही आपल्या हातातली समजत होतो ती रुंदी लाटण्यांच्या मालकीची होती.

"पण माया बसत नाही ना, वहिनी," मी म्हणालो.

"भिंत दोन फुटांची आहे म्हणून कापडही दोन फुटांचंच हवं, असं कोणी सांगितलं? पन्हा पुरत नसेल तर काठ लावतात." आणि त्यांनी हातातली चोळी पुढे केली; बाहीला कापड कमी पडले होते, तेथे त्यांनी इंचभर जरीचा काठ जोडला होता, आणि तो जणू काही आधीपासून मनात होता असा दिसत होता.

भिंतीच्या कोपऱ्याला एक इंचाची सागवानी पट्टी. मग दिसणारा पत्रा एक फूट अकरा इंच. माया एक इंच. एकूण दोन फूट. दोन पट्टे, चार फूट, एक पत्रा. मी कागद मागितला, बेरीज दोनदा करून पाहिली: एक, तेवीस, एकोणचाळीस, तेवीस, एक, सत्त्याऐंशी इंच, सात फूट तीन इंच. सोळाचे पुन्हा आठ झाले. शिवकालीन काठीतल्या त्या पाच मुठी मायेच्याच असल्या पाहिजेत, असे माझे तेव्हापासून ठाम मत आहे. इतिहाससंशोधकांनी क्षमा करावी.

वहिनींनी जाता जाता आणखी एक ताकीद दिली. "आणि रेघा सगळीकडे उभ्याच ठेवा. उरलेला तुकडा बसतो म्हणून आडवा लावू नका." हे बोल ऐन वेळी पडले, कारण मास्तर नेमके तेच करण्याच्या बेतात होते, दारावरच्या चौकोनाला ते तुकडा फिरवून पाहत होते. हेअरलाइनच्या रेघा पत्र्याच्या लांबीच्या दिशेने जातात, आणि उभ्या रेघांच्या शेजारी आडव्या रेघांचा तुकडा लावला की एकाच पत्र्याची दोन शकले उजेडात दोन निरनिराळ्या रंगांची दिसतात. एक उजळ, एक सावळे. ज्या स्त्रीने उभ्या पट्ट्यांच्या कापडाची बाही आडवी बेतली गेलेली एकदा पाहिली आहे तिला हे शिकवावे लागत नाही. शिवाय उभा बेत धरला तर एका पत्र्यात चार चौकोन निघत होते, आडव्यात तीनच. हे मास्तरांनी नंतर स्वतःच मोजले आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

कापण्याच्या जागेवरून खजिनदारांनी अखेरचा किल्ला लढवला. न्यूयॉर्कच्या क्रायस्लर बिल्डिंगच्या माथ्याला १९३० च्या सुमारास याच जातीच्या पोलादाचे पत्रे चढवले तेव्हा ते बेतण्यासाठी कर्मशाळा इमारतीच्या वरच्याच मजल्यांवर थाटली होती, हे त्यांनी कोठून तरी शोधून आणले होते. मग दादरच्या गच्चीला काय धाड भरली आहे? फॅब्रिकेटरने शांतपणे सांगितले की पत्रा सरळ कातरणारे आणि कड वळवणारे यंत्र त्याच्या शेडमधून हलवावयाचे तर आधी शेड हलवावी लागेल. शेवटी असा तह झाला की पत्रे शेडमध्ये कापावेत आणि खजिनदारांनी तेथे स्टुलावर बसावे. ते दोन दिवस डबा घेऊन बसले. यंत्राची कातर एक कणही खात नाही, हे त्यांनी समक्ष पाहून बारनिशीत नोंदवले. उरलेले सात-आठ इंची तुकडे त्यांनी रिक्षातून घरी आणले. ते आज मीटरच्या खोलीत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले आहेत, आणि त्यांची मागणी करणाऱ्या सात गृहिणींच्या अर्ज्या निर्णयार्थ पडून आहेत.

पत्रे बसवताना चौकोन आणि पट्टे यांच्यामध्ये कारागिराने तीन मिलिमीटरांची फट ठेवली तेव्हा जहाल पक्षाने पुन्हा उचल खाल्ली. पण दहा फुटी पत्रा वीस अंश तापला की लांबीत मिलिमीटरभर वाढतो, त्याला हातपाय पसरावयास जागा नसली तर तो पोटातून फुगतो, हे ऐकून ते गप्प झाले. प्रत्येकाच्या घरी असे कोणी ना कोणी असतेच.

आता भिंती मढल्या आहेत. केवळ एक कृत्य बाकी होते. पत्र्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून कारखान्यातूनच एक निळे प्लॅस्टिकचे अस्तर चिकटून येते, ते बसवल्यानंतर लवकर काढावे लागते. फार दिवस ठेवले तर त्याचा गोंद धातूला धरून बसतो. खजिनदारांचा ते काढण्यास विरोध होता. त्यांच्या घरी सोफ्यावर, टेलिव्हिजनच्या दूरनियंत्रकावर आणि एका पंख्याच्या पात्यांवर मूळचे प्लॅस्टिक शाबूत आहे, आणि त्यांच्या मते वस्तू नवी राहण्याचा हाच एक शास्त्रोक्त मार्ग होय. दिवाळीपर्यंत, मग संक्रांतीपर्यंत, अशा मुदती पडू लागल्या. तेव्हा वहिनी म्हणाल्या की नव्या साडीची घडी जशी आपल्या आवडत्या माणसाला मोडायला देतात, तशी ही घडीही कोणाला तरी मोडायला द्यावी. सभापतींना, वास्तुविशारदांना, वॉर्डातील नगरसेवकांना, अशी नावे पुढे येऊ लागली; वहिनींनी कोणाचेच ऐकले नाही आणि रोज सकाळी आमचा जिना झाडणाऱ्या बाईंना हाक मारली.

बाईंनी हात पदराला पुसले, अस्तराचा वरचा कोपरा नखाने सोडवला आणि ते सावकाश, न फाटता, खालपर्यंत ओढीत नेले. आम्ही टाळ्या वाजवल्या. बाईंनी अस्तराची गुंडाळी काखेत मारली, पत्र्याकडे एकदा नीट पाहिले, त्यात पुसट उमटलेल्या स्वतःकडे नव्हे, त्या बारीक रेघांकडे, आणि विचारले, "आता हे रोज पुसायचं मीच ना? मग फडकं उभं फिरवू का आडवं?"

मास्तरांनी खिशातला कागद काढला, उलटून पाहिला. त्यावर तशी नोंद नव्हती.

"उभं," वहिनी म्हणाल्या.